पाच ते सहामधला हात

फोन चांगला होता. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल मी डूख धरून लिहितोय. डूख धरलेला आहेच, पण फोन चांगला होता. जवळजवळ आठ इंचांची स्क्रीन, अकोल्याच्या उन्हातही वाचता येतील अशी अक्षरं, दोन दिवस पुरणारी बॅटरी आणि किंमत सात हजारांच्या आत. कॅमेरा यथातथा, आवाज खणखणीत. नाव ‘विशाल सात’. आतली प्रणाली कंपनीने स्वतः बेतून घेतली होती, तिचं नाव ‘सवय’. कंपनीचं नाव लिहीत नाही, वकिलाने मना केलं आहे.

मी प्रफुल्ल गावंडे. डाबकी रोडला आमचं घर वर आणि माझं मोबाइलचं दुकान खाली. शिवाय दुकानापेक्षा जास्त लोकांना माहीत असलेलं ‘चार हात’ नावाचं चॅनल. होतं, म्हणायला हवं. पुण्या-मुंबईचे परीक्षक फोन आला की खोका उघडतात, दोन फोटो काढतात, आकडे वाचून दाखवतात आणि संध्याकाळपर्यंत निकाल लावून मोकळे होतात. माझी पद्धत वेगळी होती. फोन पंधरा दिवस घरात ठेवायचा आणि चौघांनी तो वापरायचा. आमच्याकडे फोन एका माणसाचा कुठे असतो? तो घराचा असतो, मग त्याची परीक्षा एकट्याने कशी घ्यायची? वहीत वेळा ठरलेल्या असत. सकाळी माझी बायको मयुरी, दिवसभर दुकानात मी, संध्याकाळी पाच ते सहा माझे वडील, आणि रविवारी दोन तास आमची लेक शर्वी. ती तेव्हा दहा वर्षांची होती. शाळेच्या दिवशी तिने फोनला हात लावायचा नाही, असा मयुरीचा कडक नियम होता.

आणखी एक सोय मी करून ठेवली होती. माझे दोन्ही नंबर धंद्याचे, ते इकडे तिकडे हलवता येत नसत. म्हणून चाचणीच्या प्रत्येक फोनमध्ये मी मयुरीच्या नावावरचं जुनं सिमकार्ड घालायचो. दहा वर्षं घालत आलो. तिने एकदाच विचारलं होतं, काही होणार तर नाही ना? मी म्हटलं, काय होणार आहे?

विशाल सातच्या परीक्षणात सगळ्यात गाजला तो बाबांचा भाग. बाबा चौतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होते. खांबावर चढून चढून बोटं जाड झालेली, साध्या फोनवर एक अक्षर दाबायला गेले की तीन उमटायची. या फोनवर त्यांनी अख्खा परिच्छेद एकही चूक न करता लिहिला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, “हा फोन माह्या बोटाले वळखते रे बाप्पा!” रविवारी शर्वीने एका हातात तो मोठा फोन धरून खेळ खेळून दाखवला, तेही मी घातलं. शेवटी मी हसत हसत म्हणालो होतो, “एवढा मोठा फोन एवढा स्वस्त कसा, मला विचारू नका. कंपनीला वेड लागलंय. त्यांचं वेड उतरायच्या आत घेऊन टाका.”

बावीस लाख लोकांनी ते परीक्षण पाहिलं. पाच पैकी साडेचार गुण दिले होते मी. एवढा स्वस्त कसा, हा एकच प्रश्न विचारण्यासारखा होता आणि तो मी विनोद करून उडवून लावला. आज स्वतःचीच लाज वाटते.

*

मयुरी एका खासगी इस्पितळात डायलिसिस विभागात होती. किडनी गेलेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा तिथे यावं लागतं. दंडातल्या एका शिरेत दोन जाड सुया घालायच्या, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. त्या सुया लावणं हे मयुरीचं काम. आपण इंजेक्शन घेतो ती सुई या सुयांपुढे काहीच नाही. सुई एका दमात बसली तर पेशंट चार तास शांत झोपतो, नाही बसली तर हात काळानिळा होतो. मयुरीची पहिल्या फटक्यात बसायची. पेशंट रांगेत थांबून राहायचे, पण तिच्याच हातून लावून घ्यायचे. घरात ती काही बढाई मारायची नाही, पण ही एक गोष्ट तिला मनापासून आवडायची आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

परीक्षणाला दीड वर्ष झालं असेल. इस्पितळाच्या विमा कंपनीने नवीन अट घातली की सुईचं, सुरीचं, चाकाचं काम करणाऱ्या प्रत्येकाचा हस्तदाखला, म्हणजे हात स्थिर असल्याचा दाखला, हवा. दाखला काढायला कुठे जावं लागत नव्हतं. नाव आणि नंबर दिला की येत असे. सगळ्यांचे हिरवे आले. मयुरीचा पिवळा आला.

त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. मी दुकानातून वर गेलो तर ओट्यापाशी उभी होती.

“मला सुया लावायला बंदी केली,” ती म्हणाली. “नोंदणीच्या टेबलावर बसा म्हणून सांगितलं. सहा महिन्यांत दाखला हिरवा नाही झाला तर तिथूनही उठा.”

“पण काय म्हणतात काय ते?”

“म्हणतात, तुमचा हात पुढेमागे कधीतरी थरथरू शकतो.” तिने शिवणाची सुई घेतली, दोरा घेतला, माझ्या नाकासमोर धरून एका झटक्यात ओवला. मग दुसरी सुई घेतली, मग तिसरी. “सांगा. हलते का? कुठे हलते?”

हात कुठेच हलत नव्हता. डोळे मात्र भरले होते.

*

‘सवय’ काय करत होती ते आज शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे, तेव्हा कुणाला नव्हतं. आपण काचेवर बोट टेकवतो तेव्हा ते किती वेळ टेकलेलं राहतं, उचलताना किती घसरतं, एका अक्षरावरून दुसऱ्याकडे जाताना वाटेत किती डगमगतं, हे फोनला सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कळतं. मेंदूत खोलवर काही पेशी असतात, त्या आपली हालचाल सुरळीत ठेवतात. कंपवातासारख्या आजारात त्या हळूहळू मरत जातात, आणि निम्म्याहून जास्त मेल्याशिवाय हात दिसण्याइतका थरथरत नाही. पण त्याच्या सहा-सात वर्षं आधी बोटांच्या लयीत बारीक फरक पडायला लागतो. तो डॉक्टरच्या डोळ्यांना दिसत नाही, काचेला समजतो. मोठी स्क्रीन त्यासाठीच होती. एका हाताने धरलेल्या मोठ्या फोनवर अंगठ्याला लांबचा पल्ला गाठावा लागतो, आणि लांबच्या पल्ल्यात खोट लवकर उघडी पडते.

बाबांच्या बोटाला ओळखणारी करामतही हीच. बोट चुकणार असं दिसलं की ‘सवय’ अक्षराची जागाच गुपचूप बोटाखाली सरकवायची. आपला हात चुकतोय हे माणसाला कळायचंच नाही. फोनला कळायचं, फोन ते कंपनीला कळवायचा आणि कंपनी त्याचे दाखले करून विमावाल्यांना नि मालकांना विकायची. सगळं कायदेशीर होतं. पहिल्या दिवशी बत्तीस पानांच्या अटी आल्या होत्या आणि खाली ‘मान्य’ असं बटण होतं. ते मी दाबलं. माझ्या बोटाने, मयुरीच्या नंबरावर.

अंदाज अगदीच हवेतला नव्हता, हेही सांगायला हवं. पिवळी खूण लागलेल्या शंभर माणसांपैकी एकसष्टांना पुढच्या दहा वर्षांत आजार होतो, असं त्यांचा अभ्यास सांगत होता. उरलेल्या एकोणचाळिसांना काहीच होत नाही. पण नोकरी शंभरच्या शंभर जणांची जात होती.

हे सगळं समजायला मला आठवडा लागला. वही काढून बसलो आणि लख्ख उजेड पडला. तो हात मयुरीचा नव्हताच. तिच्या नंबरावर चार हातांनी पंधरा दिवस काम केलं होतं, आणि कंपनीच्या हिशेबी एक नंबर म्हणजे एक माणूस. ज्याने हे यंत्र घडवलं त्याच्या घरी बहुधा प्रत्येकाचा वेगळा फोन असणार. आमच्यासारखं घर त्याच्या डोक्यातही आलं नसेल.

मला हसू आलं तेव्हा, सुटलो म्हणून. मी पळतच वर गेलो आणि मयुरीला सांगितलं.

*

तक्रारीचं उत्तर चार दिवसांत आलं. त्यांच्याकडच्या नोंदी वेळेसकट होत्या. बिघडलेली लय रोज संध्याकाळी पाच ते सहा या वेळात दिसत होती, बाकी दिवसभर काही नाही. रविवारसारख्या आठवड्यातून एकदाच येणाऱ्या वेळा त्यांनी हिशेबातच धरल्या नव्हत्या. माझ्या वहीत पाच ते सहापुढे ‘बाबा’ असं लिहिलेलं होतं.

उत्तराच्या खाली नियम होता. लागलेली खूण पुसता येत नाही. ती ज्याची आहे त्याच्या नावावर हलवता येते. खरा हात कंपनीच्या चाचणी केंद्रावर हजर करा, चाळीस मिनिटांची चाचणी द्या, खूण जुळली की पहिल्या माणसाचा दाखला आपोआप हिरवा होईल.

मयुरीने ते वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. सासऱ्यांना कसं सांगायचं, हे तिला कळेना. बाबा कूलरसमोर बसून सगळं ऐकत होते.

“त्यात काय एवढं?” ते म्हणाले. “माह्या नावावर टाका. मले आता कोणत्या खांबावर चढाचं हाय?”

“बाबा, पण त्याचा अर्थ तुम्हाला पुढे...” मयुरी अडखळली.

“पुढं काय? त्र्याहत्तर चालू हाय मले. हात हलन तं हलन. तुह्या सुया चालू राह्यल्या पाह्यजे, बस.”

मयुरी उठून आत गेली आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. तिला चहाची वेळ नसताना चहा टाकताना मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं.

केंद्र गोरक्षण रोडला एका दुकानांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. स्वच्छ, थंडगार. टेबलावर एक तरुण मुलगी बसलेली, अदबीने बोलणारी. तिने बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हातात तसलाच मोठा फोन दिला. बाबांनी चाळीस मिनिटं मन लावून अक्षरं दाबली, गोल काढले, ठिपके जोडले. मी काचेच्या पलीकडून बघत होतो. माझ्या बापाचा हात आजारी निघावा, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो.

“आजोबांचा हात हिरवा आहे,” ती मुलगी म्हणाली. “वयाच्या मानाने फारच छान.”

“असं कसं होईल? पाच ते सहा फोन त्यांच्याकडेच असायचा.”

“सर, खूण जुळत नाही. त्या वेळात दुसरं कुणी वापरत होतं का? तुमच्या घरी आणखी कोण आहे?”

मी बाबांकडे बघितलं. ते हातातल्या प्लॅस्टिकच्या पेल्याकडे बघत होते.

“पाच ते सहाच्या वेळेची चौकशी आता उघडी राहील,” मुलगी सांगत होती. “तीस दिवसांत घरातल्या बाकीच्यांच्या चाचण्या कराव्या लागतील. तुमच्या परीक्षणाच्या व्हिडिओत एक लहान मुलगीही फोन वापरताना दिसते, असं इथे नोंदवलंय. तिलाही आणा.”

परतताना घराच्या अलीकडच्या चौकात बाबांनी रिक्षा थांबवायला लावली. खाली उतरले आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

“मी फोन तिले देत होतो,” ते म्हणाले.

“कोणाला?”

“शर्वीले. शाळेतून यायची, तोंड एवढंसं करून बसायची. मयुरी साडेसहाले येते. म्हटलं घे, तासभर खेळ, मम्मीले सांगू नको. मी तितक्या वेळात खाली ओट्यावर शेजारच्या पाटलासंग गोष्टी करत बसो. रोजच देल्ला. पंधराही दिवस.” त्यांनी माझा हात धरला. “प्रफुल्ल, लेकराले काय झालं रे? मी काय करून ठेवलं?”

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

*

घरी येऊन मयुरीला सगळं सांगितलं. शर्वी आतल्या खोलीत चित्र रंगवत होती. मयुरी दारात जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिली. मग दार ओढून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

“ती दहा वर्षांची होती,” ती म्हणाली. “आणि यंत्राने तिला छत्तीस वर्षांची बाई समजून मोजलं. लहान पोरांचा हात असाच नसतो का? धड स्थिर कुठे असतो?”

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी दुसऱ्याच दिवशी केंद्राला फोन केला. त्या अदबशीर मुलीने सांगितलं की मुलांच्या हातांवर त्यांचा अभ्यास अजून झालेला नाही. झाला की मुलांच्या खुणा नव्याने तपासतील.

“म्हणजे तोपर्यंत खूण तिच्या नावावर लावणार नाही?”

“आधी खूण हलवावी लागेल, सर. मग ती फेरतपासणीच्या यादीत जाईल.”

“अभ्यास केव्हा होणार?”

“ते वरच्या लोकांना माहीत.”

अकोटला एक म्हातारे डॉक्टर आहेत, मेंदूचे. ते अजून कागदावर लिहितात आणि गुडघ्यावर हातोडी मारून बघतात. मोठ्या इस्पितळात गेलो असतो तर तपासणी केल्याबरोबर शर्वीच्या नावाने नोंद झाली असती, म्हणून आम्ही तिला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तिला नाकाला बोट लावायला सांगितलं, एका रेषेत चालवलं, गोल काढायला लावले. शर्वीला मजा वाटली. तिला बाहेर पाठवून ते म्हणाले, “मला काही दिसत नाही. नाहीच, असंही सांगू शकत नाही. त्या काचेला दिसलेलं मला दिसणार नाही. दरवर्षी आणत जा.”

“आता काय करायचं?” मयुरीने विचारलं.

“काय करणार? लेकरू खेळतंय, खेळू द्या.”

परतीच्या वाटेवर शर्वी माझ्या मांडीवर झोपली होती. आणि तेव्हा मी ते बोललो. आजही ते आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

“हे बघ, तिच्या नावावर गेली खूण तरी तिला आज काय फरक पडतो? ती लहान आहे. मोठी होईपर्यंत औषधं निघतील, नियम बदलतील. तुझी नोकरी मात्र आत्ता जाते.”

मयुरीने माझ्याकडे बघितलं. चौदा वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

“आज शाळेत प्रवेश देताना दाखला मागत नाहीत,” ती म्हणाली. “उद्या मागतील. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे तरी कोणी मागत होतं का? तिला कोणी गाडी चालवू देणार नाही, विमा देणार नाही. सोयरीक जुळवताना लोक आधी ते बघतील. आणि सगळं कशासाठी? तासभर खेळली म्हणून?”

“पण तुझं काम...”

“खूण माझ्याच नावावर आहे ना? राहू द्या. हात माझाच होता म्हणून लिहून देते.”

“त्या वेळेला तू इस्पितळात असायचीस. हजेरी आहे तिथली.”

“रोज पाच वाजता चहाच्या सुट्टीत घरी येत होते, असं लिहीन. सुट्टीत बाहेर जाणाऱ्यांची सही कोणी घेत नाही. तुम्ही फक्त तुमचं बघा.”

माझं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. केंद्रावर गेल्यावर कळलं.

*

खूण आधीच मयुरीच्या नावावर होती, म्हणून चौकशी मिटवायला चाचणी लागत नव्हती, तिचा जबाब पुरेसा होता, पण एक अडचण होती. त्या मुलीने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि माझंच परीक्षण लावलं. चौथ्या मिनिटाला बाबा. आठव्या मिनिटाला शर्वी, हातात मोठा फोन. शेवटी माझा आवाज, “पंधरा दिवस, घरातले चार हात, सगळं खरं.”

“सर, तुम्ही स्वतः बावीस लाख लोकांना सांगितलंय की फोन चौघांनी वापरला. आता मॅडम म्हणतात, एकट्याच वापरत होत्या. यातलं एक काहीतरी खोटं आहे.”

“व्हिडिओ खोटा आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“दाखवण्यापुरतं केलं होतं. पंधरा दिवस वगैरे काही नाही. पोरीच्या हातात दोन मिनिटं फोन दिला, शूटिंग केलं आणि काढून घेतला. वडिलांचंही तसंच. वहीतल्या वेळा मागाहून भरल्या, तक्रारही खोटीच केली.”

तिने मान हलवली. मला वाटतं तिला सगळं समजलं होतं. ती सावकाश म्हणाली, “हे जाहीरपणे सांगावं लागेल, सर. त्याच चॅनलवर. त्याशिवाय वरचे लोक फाइल बंद करणार नाहीत.”

अकरा वर्षं मी ते चॅनल चालवत होतो. एकाही कंपनीकडून कधी चहासुद्धा घेतला नव्हता. लोक दुकानात यायचे ते फोन घ्यायला नव्हे, तर कुठला घेऊ विचारायला, आणि मी सांगेन तो डोळे मिटून घ्यायचे. एवढीच काय ती माझी पुंजी होती. त्या रविवारी कॅमेरा लावला आणि साडेतीन मिनिटांत सांगून टाकलं की मी आजवर तुम्हाला फसवत आलो. चार हात वगैरे काही नव्हतं, सगळं नाटक होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी चॅनलवर खोटं बोललो, आणि तेवढंच लोकांना खरं वाटलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. शिव्या पडल्या. दुकानाच्या पाटीवर कुणीतरी शेण फेकलं. गिऱ्हाईक तुटलं, आता फक्त काच बदलायला आणि चार्जर घ्यायला लोक येतात. शर्वीवरची चौकशी बंद झाल्याचं पत्र आलं, ते मयुरीने देवघरात ठेवलं. सहा महिने भरल्यावर तिला नोंदणीच्या टेबलावरूनही उठवलं. आता ती घरी शिवणकाम करते. एकदा तिचे एक जुने पेशंट काठी टेकत आमच्याकडे आले. दंडाची काळीनिळी शीर दाखवून म्हणाले, “ताई, घरी येऊन लावून देता का?” तिने त्यांना बसवलं, सरबत दिलं, आणि नाही म्हणून सांगितलं. ते गेल्यावर न्हाणीघरात जाऊन रडली.

बाबांनी घरात बोलणं जवळपास टाकलं. मयुरी त्यांच्यावर कधी ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

आणि शर्वी आता तेरा वर्षांची आहे. दर उन्हाळ्यात अकोटला नेतो, डॉक्टर हातोडी मारतात आणि काही दिसत नाही म्हणतात. कदाचित काही नाहीच. एकसष्ट आणि एकोणचाळीस या दोन आकड्यांत ती कुठे आहे, की तिला ते आकडेच लागू नाहीत, मला सांगता येणार नाही. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. पण मी आता तिच्याकडे बघतो तेव्हा तोंडाकडे बघत नाही. आधी हात बघतो. ती वही लिहायला बसली की अक्षराची रेघ बघतो, वरण वाढताना पळी बघतो, बटण लावताना बोटं बघतो. मयुरी दटावते, “नका बघत जाऊ तसं, तिला समजतं.” मी नाही बघत म्हणतो आणि पुन्हा बघतो.

मागच्या आठवड्यात मी दुकानाचं शटर ओढून वर आलो, तर ती माझ्यासाठी चहा घेऊन येत होती. कप बशीत होता, काठोकाठ भरलेला. मी बघायला लागलो. ती दारातच थांबली. मग तिने कप तिथल्या स्टुलावर ठेवला, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि म्हणाली, “पप्पा, तुम्हीच घ्या. मी नाही आणत.”

कपातला चहा अजून हलत होता. तो तिच्या हातामुळे की ठेवताना बसलेल्या धक्क्यामुळे, ते ठरवत मी तिथेच उभा राहिलो. मान वर केली तेव्हा ती आत निघून गेली होती.